मोजताना मराठी, बोलताना अडाणी

शाळेत गुरुजी म्हणायचे, "न्हाय न्हवं रं, नाही म्हण. वाड्यातली भाषा हितं नको." सरकारच्या दप्तरात माझी मातृभाषा मराठी. आणि माझ्या मातेच्या तोंडची मराठी शाळेत बाद. हे कोडं मला तेव्हापास्न पडलंय.

मी घोड नदीच्या खोऱ्यातला, बौद्धवाड्यातला. ज्या आंबेगावच्या नावानं आमचा तालुका, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या घोडेगावात. वरच्या अंगाला भीमाशंकरकडं नि जुन्नरच्या घाटाकडं महादेव कोळी, ठाकर, कातकरी. त्यांची वाडी नि आमचा वाडा, दोन्ही गावाच्या भायेर. त्यामुळं त्यांचं बोलणं लहानपणापास्न कानावर.

२०११ ची जनगणना. मोजणीच्या गुरुजींना वाट दाखवायला मी ठाकरवाडीवर गेलेलो. मातृभाषेचा रकाना आला. आजी म्हणाली, "ठाकरी. आमी ठाकरं, दुसरी कंची आसंल?" गुरुजींनी लिहिलं, मराठी. मी म्हणालो, गुरुजी, ती सांगंल तेच लिवायचा नियम हाय. ते म्हणाले, "आरं, ठाकरी म्हंजी मराठीच की." माणूस वाईट नव्हता. भर उन्हात चढण चढून आला होता, आजीच्या हातचं पाणी प्याला. माझ्या घरी प्याला असता का, ते सोडा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले हिरडे आडवे झाले. बाळहिरडा म्हणजे त्या माणसांचं वर्षाचं तेल-मीठ, पोरांची वह्या-पुस्तकं. तीच आजी एका कचेरीत गेली, मी सोबत. आजी सांगाय लागली. कंच्या बांधावरचं झाड, कुणी राखलेलं, कंच्या साली किती हिरडा दिला. टेबलामागचा म्हणाला, "ए बाई, नीट मराठीत सांग."

नऊ वर्षांमागं हिची भाषा मराठीच होती की! कागदावर लिहून ठेवलीय. आजी गप झाली. पुढलं मी बोललो, माझ्या शाळेतल्या मराठीत. तिला झाडाझाडाची हकीकत ठावी. अर्जात नुसता आकडा आला.

आता कायदा बघा. घटनेच्या ३५० व्या कलमात लिहिलंय, गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येईल. १९५६ साली त्यात ३५० अ आणि ३५० ब आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं, आणि त्यांची गाऱ्हाणी बघायला एक खास अधिकारी. त्याच साली केंद्रानं ठरवलं की एखाद्या भागात १५-२० टक्के लोकांची भाषा वेगळी असंल तर सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्या. बेळगावचा मराठी माणूस याच आधारानं मराठीत कागद मागतो. रास्त मागतो. आमचे पुढारी त्याच्यासाठी घसा फोडतात. तोच घसा घाट चढून ठाकरवाडीवर आला की बसतो.

आणि टक्का निघणार कुठून? रकान्यातच मराठी. ग्रिअर्सन साहेबानं १९०५ च्या आपल्या मराठीच्या खंडात कातकरी बोलीची वेगळी नोंद केली होती. स्वतंत्र देशाची मोजणी पुढं गेली. २०११ ला लोकांनी मातृभाषांची १९ हजारांवर नावं सांगितली. चाळून, मिसळून उरल्या १२१. दहा हजारांच्या खाली बोलणारे असतील तर त्या भाषेचं वेगळं नावच छापत नाहीत. पण नुसत्या संख्येचंही खरं नाही. भिली बोलणारे एक कोटीवर. आठव्या अनुसूचीत नाहीत. संस्कृतवाले पंचवीस हजारांच्या आत. पहिल्यापास्न आत बसलेले. जयपाल सिंग यांनी १९४९ साली घटना समितीत मुंडारी, गोंडी, उरांव मागितल्या होत्या. त्या अजून दारातच. त्यांची संथाली बहीण तेवढी २००३ च्या दुरुस्तीनं आत गेली, बोडोसंगं.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना हे ओळखलं होतं. एक राज्य, एक भाषा हे त्यांना मान्य होतं. पण अशा राज्यात एक मोठी जात असती, बाकीच्या गावोगाव विखुरलेल्या, हेही त्यांनी बजावलं. उपाय सांगितला: एका मतदारसंघातनं दोन-तीन प्रतिनिधी, आणि मतदाराला सगळी मतं एकाच्याच पारड्यात टाकायची मुभा. दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ होते तेही १९६१ च्या कायद्यानं गेले. आज विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा आदिवासींना राखीव. पुणे जिल्ह्यात त्यातली एकही नाही. जुन्नर खुला, आंबेगाव खुला. खुला म्हणजे कुणाला खुला, हे मी सांगायला नको. आणि समजा उद्या ठाकरवाडीचा माणूस निवडून गेला, तरी सभागृहात कुठल्या तोंडानं बोलंल? २१० व्या कलमात सोय हाय: ज्याला सभागृहाच्या भाषेत नीट बोलता येत नाही त्यानं अध्यक्षांची परवानगी घेऊन मातृभाषेत बोलावं. पण त्याची मातृभाषा कंची? दप्तर म्हणंल, मराठी. मग परवानगी कशाची मागतोस?

२०२१ ची जनगणना झालीच नाही, ती २०२७ वर गेली. मी वाडीवाडीत सांगतोय, बोलीचं नाव सांगा आणि लिहून होईस्तोवर गुरुजींच्या बोटाकडं बघत ऱ्हावा. पोरं हसतात. एकजण म्हणाला, "दादा, ठाकरी लिवली तर दाखला आडंल का?" भ्या आहे ते खरं आहे.

१९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला थोडा अधिकार दिला. तिथं बाया आपल्या बोलीत भांडतात. हिरड्यासाठी, पाण्यासाठी, वनखात्यानं अडवलेल्या वाटेसाठी. परवा एकीनं तासभर कुणाला बोलू दिलं नाही. धरण भरलेलं, हंडा रिकामा, हे तिनं असं मांडलं की पुढारीसुद्धा खाली बघाय लागले. नंतर मी प्रोसिडिंग बुक वाचलं. तिच्या तासाभराची एकच ओळ होती: "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली."