शार्दुलला घेतलं, बरं केलं का?

१५ नोव्हेंबर २०२५ च्या शनिवारी क्रिकेटवेड्यांना एकच टॉपिक पुरला होता. संजू सॅमसन चेन्नईला, रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला! आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून नुसता धुमाकूळ. धोनीनंतर कोण, जडेजा कसा काय सोडला, वगैरे वगैरे. आणि त्याच दिवशी पोलादपूरच्या वर, कुडपणला, माझ्या मामाच्या पडवीत मात्र भलत्याच माणसावरून रण पेटलं होतं. त्याचं नाव शार्दुल ठाकूर.

बातमी दोन दिवसांपूर्वीची. मुंबई इंडियन्सनं लखनौकडून शार्दुलला दोन कोटींना घेतलं. त्याच सुमारास अर्जुन तेंडुलकर ३० लाखांत लखनौला गेला. आयपीएलच्या हिशेबात दोन कोटी म्हणजे किरकोळ खर्च. पेपरात ही बातमी कोपऱ्यात. पण खरा फॅन कुठे ओळखावा माहितीये? स्टारच्या खरेदीवर सगळेच बोलतात. बाराव्या-तेराव्या माणसासाठी जो घसा कोरडा करतो, तो खरा फॅन. आणि आमचं घर अशा फॅन्सनी भरलेलं आहे.

आधी पात्रपरिचय. मामा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर गावी आले. दिलीप वेंगसरकरला वानखेडेवर खेळताना पाहिलेला माणूस, त्यामुळे त्यांच्या मते त्यानंतर क्रिकेट फक्त उतरत गेलंय. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर. आणि मी, ठाण्यातली क्युबिकलवासी, विकेंडला बॅग भरून 'मला ब्रेक हवाय' म्हणत गावी पळणारी. भातझोडणी आटपत आलेली, हवेत छान गारवा. म्हणजे वादाला परफेक्ट माहोल.

मामांनी सुरुवात केली ती थेट जखमेवरच. "हा तोच ना, ज्याच्या पायावर मलिंगानं शेवटचा बॉल टाकला?"

हो, तोच. १२ मे २०१९, हैदराबाद. आयपीएलची फायनल, चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन रन हवे. समोर शार्दुल. मलिंगाचा स्लोअर, एलबीडब्ल्यू, मुंबई एका रननं चॅम्पियन. त्या रात्री आम्ही सगळे त्याच्या आउट होण्यावर नाचलो होतो. आता तोच निळी जर्सी घालणार. आयपीएलमध्ये निष्ठा वगैरे गोष्टींचं असंच असतं, बॉस!

"माणूस वाईट नाही," मामा म्हणाले, "पण खेळणार कुठे? पंड्या आहे, बुमरा आहे, बोल्ट आहे, चाहर आहे. हा बसणार बाकावर. बाकावर बसायचे दोन कोटी?" आणि मग ड्रायव्हरच्या तोंडचं ते अजरामर वाक्य: "स्टेपनी कधी नव्या टायरच्या भावात घेतात का?"

दादा सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "मामीला विचारा, स्टेपनीशिवाय कुडपणचा घाट चढून याल का तुम्ही?"

दादा स्वतःच्या आईला 'मामी' म्हणतो ते फक्त मला चिडवायला, माझ्या हाका ऐकून. मामी आतून हसली. पहिली विकेट मामांची.

पण मामांच्या मुद्द्यात दम होता, हे मान्य करायला हवं. आकडे बघा. २०२२ च्या लिलावात दिल्लीनं शार्दुलसाठी १० कोटी ७५ लाख मोजले. पुढच्या वर्षी कोलकात्यानं त्याच किमतीत त्याला ट्रेडमध्ये घेतलं. मग चेन्नईनं चार कोटी दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात दोन कोटींच्या मूळ किमतीला कुणी हातच वर केला नाही. मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौनं त्याला २०२५ मध्ये बोलावलं. तिथे त्यानं दहा सामन्यांत १३ विकेट घेतल्या, हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार घेऊन आयपीएलमधली शंभरी गाठली, पण षटकामागे अकराच्या आसपास रनही दिले. "अकरा!" मामा बोटं दाखवत म्हणाले. "पाण्यासारखे रन."

शिवाय पैशाचं गणित. एका टीमला खर्चायला १२५ कोटी. सगळी खरेदी-विक्री झाल्यावर १६ डिसेंबरच्या अबूधाबीच्या लिलावासाठी मुंबईच्या हातात उरले पावणेतीन कोटी, दहा टीममध्ये सगळ्यात कमी. मामांचं म्हणणं साधं: हे दोन कोटी खिशात ठेवले असते तर लिलावात एखादा तरुण पोरगा मिळाला असता. त्यालाही कुठेतरी सुरुवात करायची असतेच ना?

माझी बाजू मी मांडली ती अशी. हार्दिक पंड्याचं शरीर म्हणजे मुंबईचं हवामान, कधी बदलेल नेम नाही. २०२३ च्या वर्ल्ड कपमधून घोटा दुखावून तो मध्येच बाहेर पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये एशिया कपची फायनल त्याला खेळता आली नाही. दीपक चाहरनं २०२२ चा आख्खा सीझन दुखापतीत घालवला होता. अकरा जणांत परदेशी चारच चालतात. म्हणजे एखाद्या दिवशी हार्दिक बसला, तर चार ओव्हर टाकेल आणि खाली येऊन बॅटही फिरवेल असा अनुभवी भारतीय माणूस हवाच. त्यात २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आलाय, त्यामुळे बारावा माणूस आता फक्त पाणी नेत नाही.

आणि शार्दुलचं काय आहे, की तो नेमका तेव्हाच खेळतो जेव्हा बाकीचे आटपलेले असतात. जानेवारी २०२१ चा गॅबा आठवा. निम्मी टीम जखमी, म्हणून याला संधी. त्याआधीची त्याची एकमेव टेस्ट म्हणजे २०१८ ची हैदराबादची, ज्यात दहा चेंडू टाकून तो लंगडत बाहेर गेला होता. गॅबाला त्यानं ६७ रन काढले, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागीदारी केली आणि सामन्यात सात विकेट घेतल्या. ओव्हलला त्याच वर्षी दोन्ही डावांत फिफ्टी. जोहान्सबर्गला पुढच्या जानेवारीत ६१ धावांत सात. मार्च २०२४ मध्ये रणजीच्या सेमीफायनलला तमिळनाडूसमोर मुंबई सात बाद १०६, तिथून याची सेंच्युरी. यातलं काहीही 'पहिली पसंती' म्हणून मिळालेलं नाही.

"पालघरहून ट्रेननं किट घेऊन यायचा तो," मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. मामांना ट्रेननं येणारी माणसं आवडतात.

"ते ठीक आहे गं," मामा म्हणाले, "पण बाकावरच्या माणसाला बाकावरचाच भाव. कंपनीतही तेच. रोज पडेल त्या जागेवर उभं राहणाऱ्याला कोण विचारतं?"

इथे दादाची सुपारी थांबली.

दादा त्या प्लांटमध्ये रिलीव्हर आहे. तुमच्या-माझ्या एसी जगात हा शब्द नाही, म्हणून सांगते. तीन शिफ्ट, प्रत्येक सेक्शनला ठरलेला ऑपरेटर. कुणाची साप्ताहिक सुट्टी, कुणाचं लग्न, कुणाचा ताप, त्या जागेवर रिलीव्हर उभा राहतो. आज बॉयलर, उद्या रिअ‍ॅक्टर, परवा पॅकिंग. प्रत्येक पॅनेलवरचं प्रत्येक बटण त्याला यावं लागतं, कारण तो कुठे लागेल हे त्यालाही आदल्या दिवशीच कळतं. आणि गंमत बघा, ज्याला एकच मशीन येतं त्याची जागा पक्की, आणि ज्याला सगळी येतात तो 'एक्स्ट्रा'.

"मला पण ट्रेड केलंय," दादा म्हणाला. अगदी सहज, जणू स्कोअर सांगतोय. कॉन्ट्रॅक्टरनं आठवड्यापूर्वीच कळवलं होतं. एक डिसेंबरपासून दादा दुसऱ्या प्लांटला, तिथला एक माणूस इकडे. काम तेच, रिलीव्हर. पगार तोच. घरी कुणाला बोलला नव्हता.

पडवीत शांतता. मामांनी चष्मा काढून पुसला. मामी दारात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं तो प्रश्न आम्हा तिघा एक्स्पर्टना एवढ्या वेळात सुचला नव्हता. "त्यांनी तुला मागितलं, का यांनी तुला सोडलं?"

विचार करा, प्रत्येक ट्रेडमधला कळीचा प्रश्न हाच आहे. शार्दुल जेद्दात विकला गेला नाही, तेव्हा तो नको होता. वर्षभरात मुंबईनं लखनौकडे जाऊन त्याला मागितलं. किंमत तीच, दोन कोटी. पण 'उरला म्हणून घेतला' आणि 'हवा म्हणून मागितला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १०.७५ वर असताना आणि शून्यावर असताना माणूस एकच होता, त्याचा स्लोअर बॉलही तोच. बदलत होती ती समोरच्याची गरज. आपण अप्रेझलच्या आकड्याला आपली लायकी समजून रात्र-रात्र जागतो ना, त्यांनी हे जरा लिहून ठेवावं.

दादाला उत्तर माहीत होतं. नव्या प्लांटच्या सुपरवायझरनं त्याला नाव घेऊन मागितलं होतं. पूर्वी एकदा तिथे चार दिवस बदलीवर गेला होता, त्यावरून.

"मग तसाच जाणारेस?" मामा एकदम उखडले. "मागून नेतायत आणि पगार तोच? काही बोललास का?"

म्हणजे बघा! तासभर बाकावरच्याला दोन कोटी जास्त म्हणणारा माणूस आता बाकावरच्याचा भाव वाढवायला निघाला. मी तसं म्हटलं, तर मामा गुरगुरले, "मी कधी म्हटलं माणूस नको? भाव आधी बोलून घ्यावा, एवढंच म्हटलं." नव्हतं म्हटलं. पण असो.

रविवारी परत निघायच्या आधी आम्ही फोनवर ईडन गार्डन्सची टेस्ट बघत होतो, रेंज येईल तशी. भारताला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ हवे होते. शुभमन गिलची मान आखडलेली, तो बॅटिंगला येऊच शकला नाही. टेस्टमध्ये अशा दुखापतीला बॅटिंग करणारा बदली मिळत नाही. ९३ वर खेळ खल्लास, ३० रननं हार. "एक माणूस कमी पडला की काय होतं बघ," मामा पुटपुटले. मी आणि दादानं एकमेकांकडे पाहिलं, बोललो काहीच नाही. जिंकलेल्या वादावर पुन्हा बोलू नये, हा कोकणातला नियम आहे.

आता मुद्द्याचं. सौदा बरा की वाईट, हे नंतरच्या स्कोअरकार्डवरून ठरवायची आपल्याला सवय आहे. पण मग कुठल्या दिवसाचं स्कोअरकार्ड धरायचं? २००९ मध्ये मुंबईनं आशिष नेहरा दिल्लीला दिला आणि बदल्यात शिखर धवन आणला. धवन मुंबईकडे दोनच सीझन टिकला. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर आयपीएलच्या ६७६९ धावा होत्या, बहुतेक दुसऱ्यांसाठी काढलेल्या. मग सौदा फसला का जमला? २०२० च्या सीझनसाठी मुंबईनं दिल्लीकडून बोल्ट आणि राजस्थानकडून धवल कुलकर्णी आणला. बोल्टनं २५ विकेट काढल्या, फायनलमध्ये सामनावीर झाला. धवल जवळजवळ सगळा सीझन बाकावर. मग धवलला घेणं चूक होतं? मुळीच नाही. बोल्ट किंवा बुमरा मोडला नाही, हे त्या वर्षीचं नशीब होतं. विमा काढला आणि अपघात झाला नाही, म्हणून आपण हप्ता वाया गेला म्हणत नाही.

म्हणून माझं मत त्या शनिवारी होतं तेच आहे. हातात काय होतं, कुणाचं अंग दुखतंय, बाजारात तसा दुसरा माणूस आहे का, या तीन गोष्टी धरल्या तर मुंबईनं बरं केलं. शार्दुल तीन सामने खेळो वा चौदा, हे उत्तर बदलत नाही. मामांचाही अर्धा मुद्दा खरा आहे. तरुण पोरासाठी जागा ठेवायला हवी, आणि अर्जुन गेला त्याच्याबद्दल मुंबईत कुणी दोन शब्द फार बोललं नाही, हेही खरं.

दादानं काय केलं विचाराल, तर कागद घेऊन बसला. कुठल्या सेक्शनला किती दिवस उभा राहिलो, कुठली पॅनेल स्वतंत्रपणे चालवली, याची यादी केली. मी ती ऑफिसच्या भाषेत टाइप करून दिली, पानभर झाली. कॉन्ट्रॅक्टरनं पर्मनंटचं नाव काढलं नाही, पण पगार वाढवला. मागितला होता त्याच्या निम्मा.

मामांना निम्मा म्हणजे हार वाटली. दादाला नाही वाटली. तो म्हणाला, पुढच्या वर्षी यादी अजून मोठी असेल.