पोरीनंच का जायचं?

मेळघाटात मी काम करते त्या भागातल्या अंगणवाडीच्या भिंतीवर १०९८ हा नंबर ठळक रंगवलेला आहे. संकटातल्या मुलांसाठी, चोवीस तास, फुकट. पण गावात रेंज नाही. रेंज हवी तर शाळेमागच्या टेकडीवर जायचं, आणि तिथं संध्याकाळी निम्मं गाव फोन कानाला लावून उभं. ओळखीच्याच माणसानं अंगाला हात लावला, हे तिथं कोण बोलणार?

ज्या पोरीच्या बाबतीत हे घडलं, तिनं फोन केलाच नाही. मोहफुलं वेचताना तिनं आशाताईंना आपल्या कोरकू भाषेत सांगितलं, आणि आशाताईंनी मला. गावाचं नाव सांगायला कायद्यानं मनाई आहे. नसती तरी मी सांगितलं नसतं.

पोक्सो हा २०१२चा कायदा फार माणुसकीनं लिहिलाय. कलम २४ सांगतं, जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता. कलम २६ दुभाषी देतं. आमचा जबाब मात्र ठाण्यातल्या बाकावर झाला. दुभाषी मिळेना, म्हणून आशाताईच मराठीत सांगत होत्या. पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत पुटपुटायची, आशाताई खालच्या आवाजात सांगायच्या, आणि लिहून घेणारे म्हणायचे, "जरा मोठ्यानं!" मागे लोक अर्ज घेऊन ताटकळत होते.

मग पोरीला बालकल्याण समितीपुढं नेलं. समिती अमरावतीला, मेळघाटातल्या धारणीहून साधारण दीडशे किलोमीटर, त्यात घाट. पोरीला गाडी लागली. बापाची मजुरी बुडाली.

'गावातच मिटवा' म्हणणारे होतेच. त्यावरून आदिवासी समाज असली प्रकरणं दाबतो, असं शहरात सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. त्या पोरीचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना तक्रार म्हणजे तिलाच शिक्षा वाटली, यात नवल काय?

सरपंच अध्यक्ष असलेली ग्राम बाल संरक्षण समिती गावात आहे, पण रजिस्टरातच. आता आशाताई हातपंपाजवळ बायकांना जमवून कोरकूत बोलतात: नकोसा स्पर्श कोणता, पोरानं सांगितलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. एका म्हातारीनं विचारलं, "साहेबबाई इकडं का येत नाहीत?"

तोच प्रश्न मी अर्जात घातलाय. जबाब घरी घ्या, कोरकू दुभाष्यांची यादी ठाण्यात लावा, आणि बालकल्याण समितीची बैठक महिन्यातून एकदा तरी धारणीत घ्या.