मधले सर्वनाम

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासावरील लेखाची असावी. आम्ही इतिहासाचे पदव्युत्तर. शिवाय बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी धर्मांतराची घोषणा केली ते येवले आमच्या कोपरगावच्या शेजारचेच. तथापि या शाळेत इतिहासाच्या जोडीने आम्ही अनेक वर्षे नववीच्या इंग्रजीचे तासही घेतले. त्या तासांतील एका साध्या वाक्यरचनेने आम्हालाच जे शिकवले, ते येथे नोंदवावेसे वाटते.

रचना अशी : आधी इच्छेचे किंवा आज्ञेचे क्रियापद, त्यानंतर सर्वनाम, त्यानंतर ‘टू’ लावलेले क्रियापद आणि शेवटी कोठे, कशावर, कोणाबरोबर हे सांगणारा शब्दसमूह. ‘आय वॉन्ट हिम टू सिट ऑन द बेंच.’ त्याने बाकावर बसावे अशी माझी इच्छा आहे. यातील ‘टू सिट’ या रूपाला इंग्रजीत इन्फिनिटिव्ह म्हणतात. संस्कृत व्याकरणात त्याच्या जवळचे रूप म्हणजे तुमन्त. पाली शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ‘गन्तुं’, ‘दातुं’ ही रूपे आठवतील. या रूपाला पुरुष नाही, वचन नाही. बसणारा कोण, हे ते स्वतः सांगू शकत नाही. ती जबाबदारी मधल्या सर्वनामावर येते.

नेमके तेथेच आमची मुले अडखळतात. कोणी लिहितो, ‘आय वॉन्ट दॅट ही शुड सिट’. कोणी लिहितो, ‘आय वॉन्ट ही टू सिट’. एकदा फळ्यावरील असे वाक्य आम्ही दुरुस्त करीत असता मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, बसणारा तर तोच आहे ना? मग ‘ही’ का नाही? ‘हिम’ का?”

प्रश्न रास्त होता. ‘हिम’ म्हणजे ‘त्याला’ असे आम्हीच पाचवीपासून पाठ करवून घेतो. मराठीत मात्र आपण ‘त्याने बसावे’ म्हणतो. करणाऱ्याला ‘ने’ लावून कर्त्याचा मान देतो. इंग्रजीची रीत निराळी. तेथे नामाला विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. शब्दाचे नाते बहुतांशी त्याच्या जागेवरून ठरते. ‘वॉन्ट’च्या पाठोपाठ आला म्हणून तो ‘हिम’ झाला. ‘सिट’ची क्रिया मात्र त्याचीच राहिली. एकच माणूस दुसऱ्याच्या इच्छेचा विषय असतो आणि स्वतःच्या क्रियेचा करणाराही असतो. मुलीची चूक अज्ञानाची नव्हती. तिचा कान मराठीचा न्याय इंग्रजीकडे मागत होता.

हे आम्हाला इतक्या निश्चयाने सांगता येते, कारण हीच चूक आम्हीही केली होती. शाळकरी वयात एका अर्जात आम्ही लिहिले होते, ‘माय फादर वॉन्ट्स दॅट आय स्टे इन द होस्टेल’. आमच्या त्या वेळच्या गुरुजींनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, आणि ‘यांना इंग्रजी कशाला हवी’ असे म्हणून वही परत केली. चूक कोणती, ते मात्र सांगितले नाही. आमचे वडील निरक्षर मजूर. त्यांची इच्छा खरी होती. ती इंग्रजीत कशी ठेवावी हे तेवढे आम्हाला ठाऊक नव्हते. तो लाल शेरा पुसायला आम्हाला पुष्कळ वर्षे लागली.

म्हणून मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही त्या तासाला पुस्तक मिटले आणि आमच्या इतिहासातूनच उदाहरणे घेतली.

पहिले ‘मेक’चे. बाबासाहेबांनी आपल्या अनुभवांचे टिपण इंग्रजीत लिहून ठेवले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1990 साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पुस्तिकारूपाने काढले. शाळेत आपल्याला वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे, आणि तो तुकडा रोज घरी न्यावा व परत आणावा लागे, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. फळ्यावर आम्ही लिहिले, ‘दे मेड हिम सिट ऑन अ गनी क्लॉथ’. मुलांना विचारले, ‘टू’ कोठे गेला? ‘मेक’नंतर ‘टू’ येत नाही. मात्र तेच वाक्य ‘ही वॉज मेड’ असे फिरवले, की ‘टू सिट’ म्हणावेच लागते. आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली : फिरवलेल्या वाक्यात ‘दे’ नाहीसे होतात. बसवणारे कोण, हे वाक्य सांगतच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी वाक्ये जपून वाचावीत.

दुसरे ‘अलाव’चे. रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. ‘इट अलाव्ड देम टू ड्रिंक फ्रॉम द टँक.’ येथे ‘टू’ आहे, सर्वनाम आहे, ‘फ्रॉम’चा शब्दसमूह आहे, व्याकरणात काहीही उणे नाही. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. कारण गावाचे वाक्य दुसरे होते : ‘दे टोल्ड देम नॉट टू ड्रिंक’. परवानगी ठरावाने मिळते. ‘ड्रिंक’ हे क्रियापद मात्र ‘देम’नाच पार पाडावे लागते.

तिसरे ‘आस्क’चे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आधी स्वतः दीक्षा घेतली. मग ज्यांना धम्म स्वीकारायचा आहे त्यांनी उभे राहावे, असे समुदायाला सांगितले, आणि सारा समुदाय उभा राहिला. ‘ही आस्क्ड देम टू स्टँड.’ ‘मेड देम स्टँड’ नव्हे. या दोन वाक्यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर हुकूम आणि धम्म यांत आहे, असे आम्ही मुलांना सांगितले.

तास संपला. हे सारे किती पोहोचले, याची आम्हाला शंकाच होती.

दिवाळीच्या सुमारास त्याच मुलीची आई शाळेत आली. घरची ऊसतोडीची मंडळी; मुकादमाची उचल घेतलेली, टोळी निघण्याच्या बेतात. धाकटे मूल कोपीवर सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून थोरलीला न्यायचे ठरले होते. कार्यालयात आई बराच वेळ गप्प बसली. शेवटी म्हणाली, “सर, तिचे वडील आना म्हनले म्हनून आले. पन माझं मन म्हनतं, हिनं हितंच ऱ्हावं.” मुलगी दाराशी उभी होती. त्या दिवशी निर्णय झाला नाही. आई एकटीच परत गेली. मुलीला चार दिवसांनी नेऊ, एवढेच ठरले.

दुसऱ्या दिवशी स्वाध्यायाच्या वह्या तपासताना तिच्या वहीत दोन वाक्ये आढळली. पहिले : ‘माय मदर वॉन्ट्स मी टू स्टे ॲट स्कूल’. सर्वनाम बरोबर, ‘टू’ बरोबर, ‘ॲट’ही बरोबर. त्याखाली दुसरे : ‘आय वॉन्ट टू स्टे ॲट स्कूल’. त्यात मधले सर्वनाम नव्हते. नसावेच, कारण इच्छा करणारी आणि राहणारी एकच असेल, तर इंग्रजी मध्ये कोणाला उभे करीत नाही. हा नियम आम्ही वर्गात शिकवायचा राहून गेला होता. तो तिने कोठून उचलला, कोण जाणे.

ती वही घेऊन आम्ही मुख्याध्यापकांसह तिच्या वस्तीवर गेलो. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून मुलीने स्वतः दोन्ही वाक्ये वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगितला. वडील बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. धाकट्याला आजीजवळ ठेवायचे ठरले. मुलगी शाळेत राहिली, आणि पुढे दहावी उत्तीर्ण होऊन येथून बाहेर पडली.

या शाळेत मुले येतात ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी इच्छेने. आईला वाटते, आजोबांना वाटते, समाजाला वाटते. आमच्या वडिलांनाही तसेच वाटले होते. ती इच्छा थोर आहे आणि तिचे ऋण फिटणारे नाही. परंतु मुलाने कधीतरी दुसरे वाक्य स्वतः लिहावे, यासाठीच शाळा असते. त्या वहीत आम्ही शेरा लिहिला तो हिरव्या शाईने : ‘दोन्ही वाक्ये बरोबर.’