भिऊन सुटलेली ढेरी

आमच्यासारखा माणूस वाट चुकला, की पानवाल्याला विचारतो. तिएरी साबीन हा फ्रेंच गृहस्थ १९७७ साली शर्यतीत फटफटीसकट सहारात चुकला. तिथं कुठला पानवाला! मरता मरता वाचला. पण शहाणं व्हायचं सोडून त्यानं पुढच्याच वर्षी पॅरिस-डाकार शर्यत काढली आणि इतरांचीही चुकायची सोय केली! १९८१ साली ती बीएमडब्ल्यूच्या आर-८० जी/एसनं जिंकली. १९८४ साली तर तिचा ३२ लिटर टाकीचा अवतार दुकानात आला. साबीन १९८६ साली त्याच शर्यतीत हेलिकॉप्टर कोसळून गेला. गाडीच्या त्या ढेरीला मी हसतो खरा. पण वाळवंटात पेट्रोलपंप नसतो. ही खाऊन सुटलेली ढेरी नव्हे, भिऊन सुटलेली!