राइनीच्या गडग्यातला दगड

स्कॉटलंडातल्या राइनी गावी गेलात तर दिसेल साधे कुरण. नवल आहे ते मातीखाली. १९१२ च्या सुमारास डॉ. विल्यम मॅकी यांना तिथल्या शेतांच्या गडग्यांत गारगोटीसारखे दगड सापडले. आत ४० कोटी वर्षांपूर्वीची रोपे, जशीच्या तशी! त्यांना खरी मुळेही नव्हती. पण देठाच्या पेशींत शिरून इवल्या झाडासारखी फांदलेली बुरशी त्यांत असल्याचे १९९४ मध्ये जाहीर झाले.

मंडळी, आपल्या ज्वारी-कांद्याच्या मुळांत आजही हेच चालते. बुरशी शिरली तरी पेशी मरत नाही. आपले पातळ आवरण वाढवून प्रत्येक फांदीला लपेटून घेते. त्या आवरणातून स्फुरद आत येते, साखर व स्निग्धांश बुरशीला जातो. (कोबी-मोहरीचे मात्र हिच्याशी जमत नाही.) स्फुरदखत भरमसाट पडले, की पीकच बुरशीला दार लावते.