सांगाडा

अपघातात आम्हांला फारसे लागले नाही. कोपर तेवढे सोलवटले. वडिलांची येझदी मात्र पुढचे चाक इंजिनाला टेकवून गॅरेजच्या पडवीत उभी राहिली. मिस्त्रींनी दोन्ही चाकांलगत सुतळी ताणली, तेव्हा ती एका रेषेत नाहीत हे आम्हां भाषेच्या मास्तरांनाही दिसले. फोर्क बदलता येतो. पण हँडल ज्या नळीत फिरते तीच मागे ढकलली गेली होती आणि खालच्या नळीला चुणी पडली होती. तापवून ती सरळ होईलही, परंतु चुणीच्या जागी पोलाद थकलेले असते. ते उतारावर दगा देते.

म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. 2022 साली येझदी हे नाव परत आले; हा सांगाडा आला नाही.

"सर, भंगारातली चासी आणतो. तिचा नंबर घासून तुमचा ठोकतो. कोण बघतंय?" मिस्त्री म्हणाले.

टाकी, सीट, चाके वडिलांच्या हयातीतच बदलली होती. त्यांच्या वेळचे उरले होते ते हेच पोलाद आणि त्यावरचे आकडे. आकडे तेवढे आमचे राहणार होते. परक्या अभंगाला तुकोबांची नाममुद्रा जोडणाऱ्यांवर आम्ही वर्गात तासच्या तास बोलतो; तरी त्या दिवशी मोह झाला, हे नाकबूल करवत नाही.

आम्ही नको म्हणालो. रीतसर बदलायची तर चासीच्या मूळ मालकीचा कागद आणि परिवहन कार्यालयाची मंजुरी हवी. भंगारवाल्याकडे कागद कुठला? गाडी आता आमच्या जिन्याखाली आहे. सुतळी मिस्त्रींनी सोडलेली नाही.