घरात छ, फळ्यावर इज

आमच्या घरात ‘आहे’ला चार शब्द होते. याडीशी, म्हणजे आईशी, बोलताना ‘छ’, शाळेत ‘आहे’, सिनेमात ‘है’ आणि पाचवीत गेल्यावर फळ्यावर ‘इज’. पोहरादेवीला एका अंगणात वाढलेली आम्ही सात चुलत-आते भावंडं. परकी भाषा आम्हाला इंग्रजीपासून सुरू झाली नाही. पहिलीच्या वर्गात बसलो तेव्हा मराठीच परकी होती. ती ऐकली, चुकलो, पोरं हसली आणि कधीतरी आली. इंग्रजीही तशीच कानावाटे येईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण कानावर पडायला ती गावात होती कुठे?

शाळेतलं इंग्रजी मुकं होतं. स्पेलिंग पाठ, अर्थ पाठ, धड्याचं मराठी वहीत उतरवलेलं. ‘नाइफ’मधला ‘के’ आम्ही दोन वर्षं इमानेइतबारे म्हणत होतो.

मग यायची रामनवमीची यात्रा. सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेला देशभरातून गोरमाटी, म्हणजे आमचे बंजारा लोक, लोटायचे. घरात पाय ठेवायला जागा नसायची. याडी आणि काक्या लापशीच्या पातेल्यापुढून हलत नसत, आणि त्याच गडबडीत आम्ही तंबूतल्या टॉकीजला पळायचो. ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदी होऊन भारतात आला. आमच्या तंबूत पोचायला त्याला आणखी एक यात्रा लागली. आयुष्यातला पहिला इंग्रजी सिनेमा म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो, तर पडद्यावरचे गोरे खणखणीत हिंदी बोलायला लागले. डायनासोर तेवढे आपल्या भाषेत ओरडत होते. धाकटा आतेभाऊ मात्र बाहेर आला तो छाती काढूनच. म्हणे, इंग्रजी सगळं समजलं.

खरं इंग्रजी घरात आलं ते ‘टायटॅनिक’बरोबर. सिनेमा १९९८ मध्ये भारतात लागला. आम्हाला तो बघायला मिळाला त्यानंतर तीनेक वर्षांनी. थोरल्या चुलतभावाने दिग्रसहून भाड्याने सीडीचा प्लेअर आणला, एका रात्रीच्या बोलीवर. खाली अक्षरं नाहीत, हिंदी नाही. पहिली दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग मोठ्या ताईने दोनशे पानी वही काढली. रिमोट तिच्या हातात. एक वाक्य झालं की थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची. वहीच्या डाव्या पानावर जे ऐकू आलं ते देवनागरीत, उजव्या पानावर ते काय असावं याचा अंदाज. डावं पान भराभर भरलं. उजवं बरंचसं कोरं.

‘गोना’ हा शब्द सारखा यायचा. जो तो ‘गोना’ म्हणत होता आणि आमच्या डिक्शनरीत तो काही केल्या सापडेना. ओट्यावर आजोबा पडले होते. ते म्हणाले, त्यात काय शोधता, गोणीच असणार. आपले पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुख हिंडायचे ते गोणीतूनच. जहाजात माल असेल तर गोणी असणारच. लदेणी करणाऱ्यांच्या नातवंडांना हे पटायला वेळ लागला नाही. उजव्या पानावर ताईने लिहिलं : गोना म्हणजे पोतं, बहुतेक. ‘गोइंग टू’ तोंडात विरघळलं की ‘गोना’ होतं, हे कळायला कॉलेज उजाडलं.

व्याकरण आम्हाला सिनेमाने शिकवलं नाही, हे मान्य करायला हवं. धाकटा पुण्यात एका नोकरीच्या मुलाखतीला गेला आणि साहेबांपुढे ‘आय वॉना’ म्हणून बसला. नोकरी गेली, वर ताकीद मिळाली. पण इंग्रजीत माणसं भांडतात, थापा मारतात, आईवर चिडतात, हे आम्ही त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. तोवर ती फक्त पेपर लिहायची भाषा होती.

पुढे टीव्हीवरच्या इंग्रजी सिनेमांना खाली इंग्रजीच अक्षरं यायला लागली आणि आमचं गाडं हललं. भाषांतराची अक्षरं असली की डोळे वाचतात आणि कान झोपतो. जी बोलली जाते तीच खाली लिहून आली तर कानाला धरायला काठी मिळते. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेलेल्या ब्रिज कोठारी यांना हेच सुचलं होतं अमेरिकेत, स्पॅनिश शिकताना एक स्पॅनिश सिनेमा बघत असताना. त्यातूनच १९९६ पासून हिंदी गाण्यांखाली हिंदीच अक्षरं देण्याचं त्यांचं काम उभं राहिलं, लोकांना वाचता यावं म्हणून. आमची ताई आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कोठारी तिला ठाऊक नव्हते, पण वर्गात ती तेच करते : दोन मिनिटांचा तुकडा, आधी आवाज बंद, मग अक्षरांसकट, शेवटी अक्षरांवर कागद चिकटवून. पोरं तिसऱ्या फेरीला पात्रांच्या आधी बोलतात.

२०१२ मधला ‘इंग्लिश विंग्लिश’ आम्ही याडीबरोबर बघितला. लाडू करणारी शशी गोडबोले चार आठवड्यांच्या वर्गाला जाते तिथे आमचे डोळे भरून आले. याडी शांत होती. सिनेमा संपल्यावर म्हणाली, हिला चार आठवडे लागले. मला बाजारात मराठीत भाव करायला चार वर्षं लागली, आणि माझ्यावर कोणी सिनेमा काढला नाही.

ती वही ताईच्या ट्रंकेत आहे. डावं पानसुद्धा पुढे कोरं आहे, कारण जहाज हिमनगाला धडकलं आणि पोहरादेवीची लाईट गेली. सकाळी प्लेअर परत करायचा होता.